अभिज्ञानाचे कागद

वंशावळ सांगणे आणि वंशावळ सिद्ध करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. सांगताना माणूस आठवणीवर विसंबतो. मध्येच एखादी पिढी गळते, एखादा खापरपणजोबा होता त्याहून शूर होतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. सिद्ध करताना समोर तपासणारा बसलेला असतो. मराठेकालीन गद्य वर्गात शिकवताना हा फरक आम्हांला दरवर्षी जाणवतो. वतनाच्या तंट्यात वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, वतन कोणाकडून कोणाकडे आले, हे सारे त्यात क्रमाने येई. वाचताना कुटुंबकथा वाचल्यासारखे वाटते. पण ती कथा हक्कासाठी लिहिलेली असते आणि तिचे प्रत्येक वाक्य पुराव्याकडे डोळा ठेवून रचलेले असते.

याच जातकुळीचा, पण आपल्यापासून फार दूरचा एक दस्तऐवजसंग्रह गेली काही वर्षे आमच्या कुतूहलाचा विषय झाला आहे. इटलीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका अशा देशांत गेलेल्यांचे वंशज पूर्वजाच्या नात्याने इटलीचे नागरिकत्व मागतात, तेव्हा त्यांना जी कागदपत्रे जोडावी लागतात त्यांचा हा संग्रह होय. या हक्काला कायद्याच्या लॅटिन परिभाषेत 'इयुस सांग्विनिस', म्हणजे रक्ताचा हक्क, असे नाव आहे. रक्त मात्र कोणी तपासत नाही. तपासले जातात ते कागद. हे कागद कोणत्या इतिहासातून आले, ते काय सांगतात आणि काय सांगू देत नाहीत, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

यादी

इटलीच्या गृह मंत्रालयाने ८ एप्रिल १९९१ रोजी 'के. २८.१' या क्रमांकाचे परिपत्रक काढले. परदेशात जन्मलेल्या वंशजाचे नागरिकत्व मान्य करताना कोणते कागद पाहावेत, हे त्यात सांगितले होते. पुढची तीन दशके या यादीने असंख्य घरांतली कपाटे आणि ट्रंका उपसायला लावल्या. देशांतर केलेल्या पूर्वजाच्या जन्मनोंदीचा, तो जन्मला त्या कोमूनेने (म्हणजे तिथल्या गाव-नगरपालिकेने) दिलेला उतारा; त्याच्यापासून अर्जदारापर्यंत सरळ रेषेतल्या प्रत्येकाचा जन्मदाखला; पूर्वजाचा विवाहदाखला, आणि त्या रेषेतल्या पुढच्या प्रत्येक जोडप्याचाही; रेषेतले पुढचे अपत्य जन्मण्यापूर्वी पूर्वजाने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले नव्हते, असे त्या देशाच्या अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र; रेषेतल्या कोणीही इटलीच्या नागरिकत्वावर पाणी सोडले नाही, असे इटलीच्या वकिलातीचे प्रमाणपत्र; आणि शेवटी अर्जदाराच्या निवासाचा दाखला. परदेशी कागदांना इटालियन भाषांतर हवे आणि ते खरे असल्याची अधिकृत मोहोर हवी. १९६१ च्या हेग करारात सामील झालेल्या देशांत 'अपोस्टील' नावाच्या एकाच शिक्क्यावर हे काम भागते. ब्राझीलमध्ये ती सोय २०१६ पासून झाली.

यादीत काय नाही हेही पाहण्यासारखे आहे. आजोबांनी आईला लिहिलेली पत्रे, जहाजावर चढतानाचे छायाचित्र, आजीने शिकवलेले गाणे यांना तिच्यात जागा नाही. अर्जदाराला इटालियन येते का, त्याने इटली पाहिली आहे का, हेही ती विचारत नाही. कुटुंब ज्याला आपला वारसा समजते ते सारे या यादीबाहेर राहते. आत येते ते एवढेच, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक मनुष्य जन्मला, आणि तसे एका कारकुनाने लिहून ठेवले.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. या प्रक्रियेला इटालियनमध्ये 'रिकोनोशिमेंतो' म्हणतात. तिचा अर्थ ओळख पटणे. नागरिकत्व अर्जदाराला नव्याने दिले जात नाही. ते त्याला जन्मतःच मिळालेले होते, फक्त राज्याला त्याचा पत्ता नव्हता, अशी या कायद्याची धारणा आहे. संस्कृत नाटकाच्या वाचकाला येथे 'अभिज्ञान' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. शकुंतलेचा हक्क अंगठी सापडल्याने निर्माण होत नाही. तो आधीच असतो, अंगठीने राजाला तो आठवतो. इटलीच्या दारात उभ्या राहिलेल्या वंशजाच्या हाती अंगठीऐवजी कागदांची चवड असते, एवढाच फरक.

नोंदवहीचा जन्म

साखळीची पहिली कडी पूर्वजाच्या जन्मनोंदीची. ती कोठे सापडेल हे त्याच्या गावाच्या राजकीय इतिहासावर अवलंबून असते. १५६३ मध्ये त्रेंतच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदींनाही त्यातून शिस्त आली. १६१४ च्या रोमन विधिसंहितेने मृत्यूच्या आणि घरोघरच्या माणसांच्या नोंदींची भर घातली. जन्ममरणाचा हिशेब अशा रीतीने सुमारे अडीच शतके लॅटिनमध्ये, चर्चच्या कपाटात राहिला. तो राज्याच्या हाती आला नेपोलियनच्या काळात. दक्षिणेत, नेपल्सच्या राज्यात, १८०९ पासून मुलकी नोंदवह्या सुरू झाल्या, आणि नेपोलियनच्या पतनानंतर परतलेल्या बूर्बाँ राजांनीही त्या चालू ठेवल्या. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी वह्या पुन्हा चर्चकडे गेल्या. इटलीचे राज्य एक झाल्यावर १८६६ पासून मुलकी नोंदणी देशभर लागू करण्यात आली. त्याच वर्षी ऑस्ट्रियाकडून आलेल्या व्हेनेतो प्रांतात ती १८७१ मध्ये सुरू झाली. म्हणून १८६५ मध्ये कालाब्रियात जन्मलेल्याची सरकारी नोंद मिळू शकते, तर त्याच वर्षी व्हेनेतोत जन्मलेल्याच्या वंशजाला पाद्रीसाहेबांच्या दारी जावे लागते.

एकोणिसाव्या शतकातली जन्मनोंद हा मोठा वाचनीय प्रकार आहे. दिवस, वार, तास असे सारे अक्षरी लिहिलेले असते. नोंदणी अधिकारी प्रथमपुरुषी बोलतो: माझ्यासमोर अमुक हजर झाला, वय इतके, धंदा शेतकरी, राहणार येथला, त्याने सांगितले की अमुक रस्त्यावरच्या घरात त्याच्या बायकोच्या पोटी अमुक वेळी मूल झाले, ते मूल त्याने मला दाखवले आणि त्याला हे नाव दिले. मग दोन साक्षीदार. शेवटी बऱ्याचदा असे येते, की हजर असलेल्यांना लिहिता येत नसल्याने सही केवळ माझी आहे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचे आयुष्य अक्षरात उतरण्याचे हे बहुधा पहिले ठिकाण. बापाने कपड्यात गुंडाळून आणलेले ते मूल टेबलासमोर धरले आहे आणि कारकून टाक शाईत बुडवतो आहे, असे चित्र या ठरीव वाक्यांतून उभे राहते. त्या दोघांपैकी कोणालाही कल्पना नसते, की शंभर वर्षांनी साव पावलोतली एखादी बाई याच पानासाठी पत्र लिहिणार आहे.

नोंदवहीच्या दोन मूळ प्रती काढत. एक कोमूनेत राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. कागद टिकावा म्हणून केलेली ही तरतूद नंतरच्या वंशजांच्या फार उपयोगी पडली. तरी आग, युद्ध, वाळवी यांपुढे कायद्याचे काही चालत नाही. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपात मेसिना शहरच कोसळले, तेथे वह्यांची काय कथा!

राज्याची मुले

१७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य घोषित झाले. तोवर इटालियन नागरिक असा कोणी नव्हता. होते ते सार्डिनियाच्या, नेपल्सच्या, पोपच्या, ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या सत्तेखालचे प्रजाजन. त्यामुळे वंशावळ कितीही मागे जात असली, तरी जो पूर्वज या तारखेपूर्वीच मरण पावला, तो नागरिकत्वाचा मूळ पुरुष होऊ शकत नाही. व्हेनेतोच्या बाबतीत हीच रेघ १८६६ ला ओढली जाते. शेत तेच, भाषा तीच, घरही तेच. पण राज्य जन्मण्याआधी गेलेला माणूस राज्याचा नव्हे.

१८६५ च्या नागरी संहितेने नागरिक पित्याचे अपत्य ते नागरिक, असे सूत्र घातले. जो परदेशाचे नागरिकत्व मिळवील त्याचे इटलीचे जाईल, असेही त्याच संहितेत होते. ही वाक्ये लिहिली गेली तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना फार थोड्यांना असावी. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे इटलीबाहेर गेली. एकट्या १९१३ या वर्षी पावणेनऊ लाखांच्या आसपास. त्यांतले पुष्कळ परतलेही; पण जे राहिले त्यांची मुले अशा देशांत जन्मली, जेथे भूमीवर जन्मणे हेच नागरिक होणे होते. ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका त्या मुलांना आपली म्हणत. इटलीही आपली म्हणे. एकाच पाळण्यावर दोन राज्यांचा दावा.

हा पेच १३ जून १९१२ च्या कायद्याने सोडवला, आणि तो सोडवताना दार उघडे राहिले. परदेशात जन्मल्यामुळे तेथला नागरिक ठरलेला इटालियन आपले इटलीचे नागरिकत्व राखतो. सज्ञान झाल्यावर हवे तर त्याने ते सोडावे, असे त्या कायद्याच्या सातव्या कलमात म्हटले होते. यात केवळ माया नव्हती. परदेशी गेलेली माणसे म्हणजे मायदेशी येणारा पैसा, लष्करभरतीच्या यादीतली नावे, आणि समुद्रापार पसरणाऱ्या थोर इटलीचे स्वप्न. अर्थशास्त्रज्ञ लुइजी एनाउदी यांनी १९०० मध्येच लॅटिन अमेरिकेतल्या इटालियन व्यापारी पराक्रमावर एक पुस्तक लिहिले होते. तलवारीवाचून वसाहत, ही कल्पना त्या काळच्या हवेत होती. आजचा वंशज जे कलम आपल्या हक्कासाठी पुढे करतो, ते मुळात राज्याने आपल्या हक्कासाठी लिहिले होते.

एका माणसाची पाच नावे

आता रेषेतल्या एका काल्पनिक पुरुषाचे कागद क्रमाने मांडून पाहू. बाप्तिस्म्याच्या लॅटिन वहीत तो योसेफुस आहे. कोमूनेच्या नोंदीत जुझेप्पे. तो ब्राझीलला गेला असेल तर लग्नाच्या दाखल्यात जुझे, अर्जेंटिनाला गेला असेल तर होसे, अमेरिकेला गेला असेल तर जोसेफ. आडनावातले एक जोडाक्षर वाटेत सुटले आहे, शेवटचा स्वर बदलला आहे. वय एका कागदावर दोन वर्षांनी कमी भरते. त्याच्या बायकोचे तर आणखी निराळे: इटलीच्या कागदांत विवाहित स्त्री आपल्या माहेरच्या आडनावानेच येते, अमेरिकेत ती नवऱ्याच्या आडनावात नाहीशी होते.

अमेरिकेतल्या कुटुंबांत एक आख्यायिका हटकून ऐकू येते: एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले. १८९२ मध्ये उघडलेल्या त्या ठाण्यात अधिकारी नावे लिहून घेत नसत. जहाज सुटतानाच तयार झालेल्या यादीवरून ते माणसे पडताळून पाहत. नावे बदलली ती पुढे, हळूहळू: शाळेत, कारखान्याच्या हजेरीपटावर, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि कित्येकदा स्वतःच्या इच्छेने. पण एका उद्धट कारकुनाने क्षणात नाव पुसले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि सोसायलाही सोपी. आपणच थोडे थोडे करून दुसरे झालो, हे सांगणे अवघड.

तपासणाऱ्याला या कथेत रस नसतो. त्याच्या दृष्टीने जुझेप्पे आणि जुझे हे दोन वेगळे इसम असू शकतात. तेव्हा ब्राझीलमधले वंशज न्यायालयात जातात आणि पणजोबांच्या, आजोबांच्या, बापाच्या दाखल्यांतली नावे दुरुस्त करून आणतात. मरून अर्धे शतक झालेल्या माणसाचे नाव आता मूळ गावच्या वहीशी जुळते. आम्हांला या दुरुस्तीत एक खोल विसंगती दिसते. देशांतर झाले, म्हणूनच तर नाव बदलले. बदललेले नाव हाच देशांतराचा अस्सल शिलालेख. परंतु देशांतर करणाऱ्याचे आपण वंशज आहोत हे सिद्ध करण्यासाठी वंशजाला तोच शिलालेख खोडावा लागतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हे विशेष लागते. पाठभेद हा प्रतीचा दोष नसून तिचा प्रवास असतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. येथे मात्र पाठभेद म्हणजे नामंजुरी.

जे घडले नाही त्याचा दाखला

यादीतला सर्वांत चमत्कारिक कागद म्हणजे नकाराचा कागद. पूर्वजाने परदेशाचे नागरिकत्व घेतले नाही, हे दाखवायचे असते. घडलेल्या गोष्टीची नोंद राहते. न घडलेल्या गोष्टीची कोठून राहणार? म्हणून राज्यांनी त्यासाठी खास प्रमाणपत्रे निर्माण केली. ब्राझीलचे न्याय मंत्रालय, अर्जेंटिनाचे राष्ट्रीय निवडणूक न्यायालय, अमेरिकेचे नागरिकत्व व देशांतर खाते आपापल्या नोंदी धुंडाळतात आणि असा मनुष्य आमच्या दप्तरात आढळला नाही, असे लिहून देतात. ब्राझीलच्या प्रमाणपत्रात पूर्वजाच्या नावाची सारी रूपे एकामागून एक द्यावी लागतात, कारण एका रूपात नसलेला मनुष्य दुसऱ्या रूपात सापडायचा! कुटुंबाच्या भाषिक इतिहासाची सर्वांत पूर्ण नोंद अशा रीतीने या नकाराच्या कागदातच उरते.

पूर्वजाने नागरिकत्व घेतलेच असेल, तर सारा प्रश्न तारखेचा होतो. बापाने शपथ घेतली त्याआधी मूल जन्मले असेल तर ते इटालियन बापाचे मूल. नंतर जन्मले असेल तर अमेरिकन बापाचे. अमेरिकेत १९०६ पूर्वी कोणत्याही अभिलेख ठेवणाऱ्या न्यायालयात अशी शपथ घेता येई आणि प्रत्येक ठिकाणचे कागद निराळे असत. त्या वर्षीच्या कायद्याने नमुने एक झाले आणि प्रती केंद्राकडे जाऊ लागल्या. खाणीत किंवा गिरणीत राबणारा मनुष्य एखाद्या दिवशी रजा मिळाली म्हणून न्यायालयात गेला आणि शपथ घेऊन आला. ती रजा महिनाभर आधी मिळाली असती तर त्याच्या नातवंडांचे काय झाले असते, हा विचार त्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

ब्राझीलमध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी तेथे प्रजासत्ताक आले, आणि महिन्याभरात निघालेल्या हुकमाने त्या दिवशी देशात असलेले सर्व परदेशी ब्राझीलचे नागरिक ठरले. ज्याला ते नको असेल त्याने सहा महिन्यांत तसे जाहीर करावे. कॉफीच्या मळ्यातल्या निरक्षर मजुराला हा हुकूम कळला तरी असेल का? तो गप्प राहिला, म्हणून त्याने इटली सोडली असे म्हणायचे का? एकशेतेहतीस वर्षांनी, २०२२ मध्ये, इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले: नुसत्या मौनाने नागरिकत्व जात नाही, त्यासाठी माणसाची स्वतःची, स्पष्ट इच्छा दिसली पाहिजे. न बोललेल्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याचे काम एरवी साहित्यसमीक्षेचे. येथे ते न्यायाधीशांनी केले, आणि आमच्या मते चांगले केले.

आईची रेघ

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल, की आतापर्यंतची सारी रेषा पुरुषांची आहे. रक्ताच्या हक्कात रक्त बापाचे होते. १९१२ च्या कायद्याने तेच चालू ठेवले, शिवाय परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीला नवऱ्याचे नागरिकत्व मिळत असेल तर तिचे स्वतःचे जाई. अमेरिकेत १८५५ पासून १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक होई. दोन्हीकडच्या कायद्यांनी तिला काही विचारले नाही.

दे आमिचिस यांच्या १८८६ च्या 'कुओरे' या पुस्तकात जेनोआचा एक मुलगा घरकामासाठी ब्यूनोस आयरिसला गेलेल्या आईच्या शोधात महासागर ओलांडतो. इटलीतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ती गोष्ट शाळेत वाचली. साहित्याने देशांतर करणाऱ्या आईला असे मध्यभागी ठेवले, त्या काळी कायद्याच्या रेषेत मात्र ती केवळ कोणाची तरी पत्नी होती.

१ जानेवारी १९४८ रोजी इटलीची प्रजासत्ताक राज्यघटना अमलात आली आणि तिने स्त्री-पुरुष समान मानले. कायदा मात्र जागचा हलला नाही. लग्नामुळे स्त्रीचे नागरिकत्व जाणे घटनाबाह्य आहे असे घटना न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवले. आईकडूनही अपत्याला नागरिकत्व मिळते हे मान्य व्हायला १९८३ उजाडले. तरी एक गाठ राहिली. घटनेपूर्वीच्या काळाला घटना लागू कशी करावी? म्हणून सरकारी कार्यालयांनी १९४८ हीच सीमा धरली. इटालियन आई आणि परदेशी बाप यांची मुलगी १९४६ ची आणि मुलगा १९४९ चा असेल, तर मुलगा इटालियन आणि त्याची थोरली बहीण परकी! त्याच कुशीतून, त्याच घरात जन्मलेली दोन भावंडे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संयुक्त पीठाने हा अन्याय पूर्वीपासूनचा असला तरी चालूच असल्याचे मान्य केले, आणि न्यायालयाची वाट मोकळी झाली. वकिलातीची वाट तशीच बंद राहिली. आईच्या रेघेवरून येणाऱ्याला त्यानंतरही खटला भरूनच यावे लागले. या दाव्यांना वकीलमंडळी 'अठ्ठेचाळीसचे खटले' म्हणतात.

मूळ नसलेला मूळ पुरुष

रक्ताच्या हक्काची खरी कसोटी लागते ती टाकलेल्या मुलांपाशी. नेपल्सच्या अनुंत्सियाता या संस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी चाक होते. बाहेरून कोणी मूल त्यात ठेवावे, चाक फिरवावे आणि निघून जावे. आतली दाई ते उचलून घेई. १८७५ मध्ये ते चाक बंद झाले. अशा मुलांना आडनाव मिळे एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. रोमकडे प्रोएत्ती, फ्लोरेन्सला इन्नोचेन्ती, मिलानला तिथल्या रुग्णालयाच्या चिन्हातल्या कबुतरावरून कोलोम्बो. नोंद करताना नाव आणि आडनाव अधिकाऱ्यालाच सुचवावे लागे. आज ही आडनावे इटलीत आणि इटलीबाहेर सर्रास आढळतात.

या मुलांबद्दल १८६५ ची संहिता काय म्हणते ते पाहावे. बाप अज्ञात असेल तर नागरिक आईचे मूल नागरिक. आईही अज्ञात असेल तर राज्यात जन्मलेले मूल नागरिक. म्हणजे आईचे रक्त मोजले गेले ते केवळ बाप नसताना, आणि दोघेही नसताना राज्याने भूमीलाच आईबाप मानले. असे मूल मोठे होऊन सान्तोसला किंवा न्यूयॉर्कला गेले, तर त्याचे वंशजही याच यादीप्रमाणे कागद जोडत, आणि त्यांचा दावा इतरांच्या दाव्याइतकाच पक्का असे. ज्याच्या रक्ताविषयी कोणालाच काही ठाऊक नाही, ज्याचे आडनाव एका कारकुनाने ठेवले, तो रक्ताच्या हक्काचा निर्विवाद मूळ पुरुष! या हक्काचा पाया रक्ताचा नसून नोंदीचा आहे, हे याहून स्वच्छ कोठे दिसणार?

त्या नोंदीचेही दुखणे होते. आईबाप अज्ञात असलेल्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक दाखल्यावर 'एन. एन.' ही दोन अक्षरे, म्हणजे 'नाव माहीत नाही', वागवावी लागत. ३१ ऑक्टोबर १९५५ च्या कायद्याने हा डाग पुसण्यासाठी सर्वांच्याच उताऱ्यांतून आईबापांची नावे काढली. दयेपोटी केलेल्या या कायद्यामुळे वंशजांच्या वाटेला एक गमतीची अडचण आली: इटलीहून आलेल्या साध्या उताऱ्यात आईबापांची नावेच नसतात आणि साखळी तुटते. म्हणून आईबापांच्या नावांसह उतारा द्यावा, असे मुद्दाम कळवावे लागते.

विस्मरणाचा कायदा

१९९२ च्या नव्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि मागणी वाढत गेली. परदेशात राहणाऱ्या नोंदणीकृत इटालियन नागरिकांची संख्या साठ लाखांवर गेली; जगभरातल्या वंशजांचा अंदाज सहा ते आठ कोटींचा सांगितला जाऊ लागला, म्हणजे इटलीच्या लोकसंख्येइतका किंवा त्याहून अधिक. व्हेनेतोच्या डोंगराळ कोमूनेंत मोजक्या कारकुनांपुढे ब्राझीलच्या अर्जांचे ढीग लागले आणि व्हेनिसचे न्यायालय या दाव्यांनी भरून गेले. ज्यांचा देशाशी काही संबंध उरला नाही त्यांना मतदानाचा हक्क आणि पारपत्र का द्यावे, हा तेथल्या लोकांचा प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्याच देशात जन्मलेली, तेथल्या शाळेत शिकणारी, तेथलीच भाषा बोलणारी परदेशी आईबापांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत थांबतात, याकडेही डोळेझाक करता येत नाही.

२८ मार्च २०२५ रोजी सरकारने वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. परदेशात जन्मलेल्या आणि दुसरे नागरिकत्व असलेल्या माणसाला यापुढे मुख्यतः दोनच आधार राहिले: आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कोणी केवळ इटलीचेच नागरिक असले पाहिजे किंवा मृत्यूच्या वेळी असले पाहिजे, अथवा त्याच्या जन्माआधी आई किंवा बाप इटलीचा नागरिक या नात्याने सलग दोन वर्षे इटलीत राहिलेला असला पाहिजे. आदल्या दिवसापर्यंत दाखल झालेले अर्ज जुन्या नियमांनी पाहिले जातील. पणजोबांच्या कागदांना अर्थ उरला नाही. जुन्या कायद्यात पिढ्यांची मर्यादा नव्हती म्हणून तो घटनाबाह्य ठरवावा, ही मागणी घटना न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. रेघ कोठे ओढायची हे विधिमंडळाचे काम, असा त्याचा आशय.

आमचे लक्ष वेधले ते नव्या कलमाच्या वाक्यरचनेने. यापुढे नागरिकत्व मिळणार नाही, असे ते म्हणत नाही. अटीत न बसणाऱ्या माणसाला नागरिकत्व कधी मिळालेच नव्हते असे मानले जाईल, असे ते म्हणते. जो कायदा शंभर वर्षे 'तू जन्मापासून आमचाच आहेस, आम्हांला फक्त ओळख पटायची आहे' असे सांगत होता, त्याने आपल्या वाक्याचा काळ बदलला आणि भूतकाळच मागे घेतला. कालिदासाने विस्मरणाचा दोष दुर्वासाच्या शापावर घातला आणि राजाला सोडवले. येथे शाप नाही. राजाने स्वतःच अंगठीची मुदत ठरवली आहे.

ज्यांची कपाटे उपसून झाली होती, नावे दुरुस्त करून झाली होती, नकाराचे दाखले आले होते, पण अर्ज जायचा राहिला होता, अशा घरांत आता ही चवड तशीच पडून असेल. हक्काचा दस्तऐवज म्हणून तिची किंमत सरली. मराठेकालीन वतनांचेही असेच झाले: वतने गेली, तंटे विसरले गेले, उरले ते करीने, आणि आज आम्ही ते गद्याचे नमुने म्हणून वर्गात वाचतो. त्या चवडीत एका निरक्षर बापाने टेबलासमोर धरलेले मूल आहे, नावाची पाच रूपे आहेत, कोणी न विचारलेल्या एका आईची सही आहे. दावा मिटल्यावर ती प्रथमच निवांतपणे वाचता येईल.